८०० नौदल हवाई स्क्वॉड्रन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

८०० नौदल हवाई स्क्वॉड्रन म्हणजे नेमकी कोणती तुकडी?

ब्रिटनच्या शाही नौदलाच्या हवाई शाखेला ‘फ्लीट एअर आर्म’ म्हणतात. या शाखेच्या आघाडीवर लढणाऱ्या तुकड्यांमध्ये पहिला क्रमांक लाभलेली तुकडी म्हणजे ८०० स्क्वॉड्रन. ती ३ एप्रिल १९३३ रोजी उभी राहिली आणि मधल्या खंडांसह २०११ पर्यंत टिकली. या काळात तिने एकावर एक अशा पंखांच्या दोन जोड्या असलेल्या निमरॉडपासून जागच्या जागी वर उचलल्या जाणाऱ्या हॅरियरपर्यंत अनेक जातींची विमाने उडवली. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ती ज्या ‘हर्मिस’ नौकेवरून लढली, तीच नौका पुढे भारतीय नौदलाची ‘विराट’ झाली. त्यामुळे मुंबई आणि गोव्याशी या तुकडीचे नाते दूरचे असले तरी खरे आहे. तिचे लॅटिन ब्रीदवाक्य ‘नुंक्वाम नॉन पारातुस’ असे असून ‘कधीही गाफील नाही’ असा त्याचा अर्थ आहे.

क्रमांक एकदम ८०० का? त्याआधीच्या ७९९ तुकड्या कुठे आहेत?

तशा तुकड्या मुळात नव्हत्याच. १९२४ साली फ्लीट एअर आर्मची स्थापना झाली तेव्हा ती शाही हवाई दलाचा एक भाग होती, आणि जहाजांवर सहा-सहा विमानांची लहान पथके असत. त्यांना चारशेच्या घरातले क्रमांक दिलेले होते. १९३३ मध्ये ही पथके एकत्र करून मोठ्या स्क्वॉड्रन बांधण्यात आल्या, आणि हवाई दलाच्या तुकड्यांशी गोंधळ होऊ नये म्हणून त्यांना आठशेपासून पुढचे क्रमांक मिळाले. ४०२ आणि ४०४ ही लढाऊ पथके जोडून ८०० स्क्वॉड्रन तयार झाली. पुढे सातशेच्या घरातले क्रमांक प्रशिक्षण आणि साहाय्यक कामाच्या तुकड्यांसाठी वापरले गेले.

जहाज नौदलाचे आणि त्यावरची विमाने हवाई दलाची, ही व्यवस्था दोन्ही बाजूंना जाचक होती. १९३७ साली ही शाखा नौदलाकडे सोपवण्याचा निर्णय झाला आणि मे १९३९ मध्ये, म्हणजे महायुद्धाला जेमतेम तीन-साडेतीन महिने उरले असताना, तो पूर्णपणे अमलात आला. या दिरंगाईची किंमत पुढे वैमानिकांनी मोजली, कारण स्वतःच्या गरजेची विमाने घडवून घ्यायला नौदलाला पुरेसा वेळ मिळालाच नाही.

तुकडी अनेकदा बरखास्त झाली. मग तिचा इतिहास सलग कसा मानायचा?

हा प्रश्न रास्त आहे. नौदलाच्या परंपरेत स्क्वॉड्रन म्हणजे विमाने नव्हेत आणि इमारतही नव्हे. क्रमांक, बोधचिन्ह, ब्रीदवाक्य आणि गाजवलेल्या लढायांची यादी मिळून स्क्वॉड्रन होते. विमानांची जात बदलली, जहाज मोडीत निघाले किंवा काही वर्षे तुकडीत एकही माणूस नसला तरी क्रमांक राखून ठेवला जातो. तो पुन्हा जागा झाला की नव्या माणसांकडे जुन्यांचा वारसा येतो. आपल्याकडे घराण्याचे नाव जसे चालते, तसेच हे आहे. १९८० मध्ये सी हॅरियर घेऊन उभ्या राहिलेल्या वैमानिकांपैकी कोणीही १९४० च्या नॉर्वेतील बर्गनवरील हल्ल्यात असणे शक्य नव्हते, तरीही तो हल्ला ते आपल्याच तुकडीचा मानत होते.

‘क्योनिग्सबर्ग’ बुडवण्याचा पराक्रम इतका महत्त्वाचा का मानतात?

९ एप्रिल १९४० रोजी जर्मनीने नॉर्वेवर आक्रमण केले. त्या दिवशी बर्गनच्या बंदरात शिरताना ‘क्योनिग्सबर्ग’ ही जर्मन क्रूझर किनाऱ्यावरील नॉर्वेजियन तोफांच्या माऱ्यात सापडली आणि तिला मोठी इजा झाली. दुरुस्तीसाठी ती धक्क्याला बांधून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे अंधार असतानाच स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांवरच्या हॅटस्टन तळावरून सोळा स्क्युआ विमाने निघाली. त्यातली सात ८०० स्क्वॉड्रनची होती आणि नऊ ८०३ ची. ८०० चे नेतृत्व कॅप्टन रिचर्ड पार्ट्रिज यांच्याकडे होते, आणि ते मूळचे शाही मरीन दलाचे अधिकारी होते. ८०३ चे नेतृत्व लेफ्टनंट विल्यम लुसी करत होते.

बर्गन स्क्युआच्या पल्ल्याच्या अगदी टोकाला होते. तिथे पोचून, बॉम्ब टाकून परत येण्याइतकेच इंधन टाकीत होते आणि वाट चुकायला वाव नव्हता. सकाळी सातच्या सुमारास विमाने बंदरावर पोचली आणि एकामागून एक तीव्र कोनात खाली झेपावली. प्रत्येकाकडे पाचशे पौंडांचा एकच बॉम्ब होता. जहाजावरील पहारेकऱ्यांना सुरुवातीला काही उमगलेच नाही, आणि तोफा धडधडू लागेपर्यंत बॉम्ब लागू लागले होते. ‘क्योनिग्सबर्ग’ने पेट घेतला आणि थोड्याच काळात ती उलटून बुडाली. परतीच्या वाटेवर एक स्क्युआ आणि तिचे दोघे वैमानिक गमावले.

या युद्धात हवाई हल्ल्यात बुडालेली ही पहिली मोठी युद्धनौका होती. त्यामागे एकच बॉम्ब नेणारी सोळा विमाने होती, आणि तेही अशा जातीची की जी लढाऊ विमान म्हणून मंद आणि बॉम्बफेकी विमान म्हणून दुबळी ठरत होती. पुढच्या पाच वर्षांत मोठ्या तोफांच्या युद्धनौकांचे जे झाले, त्याची चाहूल त्या सकाळी बर्गनच्या धक्क्यावर लागली होती, असे आम्हांला वाटते.

स्क्युआ आणि हाइंकेलचे वैमानिक एकाच झोपडीत राहिले, ही गोष्ट खरी आहे का?

होय, खरी आहे. २७ एप्रिल १९४० रोजी पार्ट्रिज आणि त्यांचे निरीक्षक लेफ्टनंट रॉबिन बॉस्टॉक यांनी नॉर्वेवर एक जर्मन हाइंकेल विमान पाडले. त्याच चकमकीत त्यांच्या स्क्युआचे इंजिनही बंद पडले आणि त्यांना ग्रोटलीजवळ एका गोठलेल्या तलावावर उतरावे लागले. चहूकडे बर्फ होते. जवळच एक रिकामी झोपडी सापडली, आणि थोड्या वेळाने पाडलेल्या हाइंकेलमधून वाचलेले जर्मन सैनिकही आसरा शोधत तिथेच येऊन पोचले. आपल्याला पाडणारे हेच दोघे, हे त्यांना कळू नये म्हणून पार्ट्रिज यांनी आपले विमान वेलिंग्टन बॉम्बफेकी असून ते अपघाताने कोसळले असे सांगितले. भाषा येत नसताना त्या सर्वांनी थंडीत एका छपराखाली रात्र काढली. दुसऱ्या दिवशी नॉर्वेजियन गस्तीपथक आले. पार्ट्रिज आणि बॉस्टॉक सुटले, तर जर्मन कैदी झाले.

जर्मन वैमानिक होर्स्ट शॉपिस आणि पार्ट्रिज युद्धानंतर पुन्हा भेटले. बॉस्टॉक यांच्या नशिबात मात्र तो दिवस नव्हता. त्याचे कारण पुढच्या उत्तरात आहे.

१३ जून १९४० हा तुकडीचा सर्वांत काळा दिवस का?

त्या दिवशी ‘आर्क रॉयल’ या विमानवाहू नौकेवरून पंधरा स्क्युआ ट्रॉनहेम येथे नांगरलेल्या ‘शार्नहोर्स्ट’ या जर्मन युद्धनौकेवर धाडण्यात आल्या. सहा ८०० च्या होत्या आणि नऊ ८०३ च्या. उत्तरेकडच्या उन्हाळ्यात मध्यरात्रीही उजेड असतो, त्यामुळे अंधाराचा आडोसा मुळीच नव्हता. शाही हवाई दलाच्या विमानांनी शेजारच्या वैर्नेस धावपट्टीवर हल्ला करून जर्मन लढाऊ विमानांना जमिनीवर रोखून धरायचे होते. घडले ते उलटेच. त्या हल्ल्याने शत्रू जागा झाला आणि स्क्युआ पोचेपर्यंत मेसरश्मिट विमाने हवेत होती.

पंधरापैकी आठ विमाने परतली नाहीत. एक बॉम्ब ‘शार्नहोर्स्ट’वर पडला, परंतु तो फुटला नाही. पार्ट्रिज भाजलेल्या अवस्थेत कैदी झाले आणि बॉस्टॉक मारले गेले. दीड महिन्यापूर्वी बर्फातून वाट काढत सुटलेल्या माणसाचा शेवट असा झाला. या हल्ल्याचा आदेश देणाऱ्यांना धोका दिसत नव्हता असे म्हणता येत नाही. ताशी सव्वादोनशे मैलांच्या पुढे न जाणारे विमान भर उजेडात, सावध शत्रूच्या तळावर पाठवले तर काय होणार, हे उघड होते. वैमानिकांनाही ते ठाऊक होते, आणि तरीही ते गेले.

महायुद्धाच्या उरलेल्या काळात तुकडीने काय केले?

स्क्युआनंतर तुकडीकडे फुल्मार विमाने आली. मे १९४१ मध्ये ‘बिस्मार्क’ या जर्मन युद्धनौकेच्या पाठलागात तुकडीचा एक भाग ‘व्हिक्टोरियस’ नौकेवर होता. ऑगस्ट १९४२ मध्ये वेढ्यात सापडलेल्या माल्टाला रसद पोचवण्यासाठी जो मोठा जहाज-काफिला निघाला, त्याच्यावर ८०० च्या सी हरिकेन विमानांनी ‘इनडॉमिटेबल’वरून छत्र धरले. त्या मोहिमेत ‘इनडॉमिटेबल’वर बॉम्ब पडून तिचा डेक निकामी झाला. वर्षअखेरीस मित्रराष्ट्रांचे सैन्य उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरले, त्या मोहिमेतही तुकडी होती.

३ एप्रिल १९४४ ला नॉर्वेच्या कोफ्योर्डमध्ये दडलेल्या ‘टिर्पिट्झ’ या जर्मन युद्धनौकेवर बॅराकुडा विमानांनी बॉम्ब टाकले. त्या वेळी ‘एम्परर’ या विमानवाहू नौकेवरून उडालेल्या ८०० आणि ८०४ च्या हेलकॅट विमानांनी जहाजाच्या डेकवर आणि किनाऱ्यावरच्या विमानविरोधी तोफांवर गोळ्यांचा मारा करून त्या गप्प केल्या. असे काम कागदोपत्री दुय्यम दिसते, पण तोफा गप्प झाल्याशिवाय बॉम्बफेकी विमानांना नेम धरता येत नाही.

कोरियाच्या युद्धात सीफायर विमाने का थकली?

जून १९५० मध्ये कोरियात युद्ध पेटले तेव्हा ‘ट्रायम्फ’ ही विमानवाहू नौका जपानच्या परिसरात होती. तिच्यावर ८०० ची सीफायर आणि ८२७ ची फायरफ्लाय विमाने होती. ३ जुलैला दोन्ही तुकड्यांनी हेजूच्या विमानतळावर हल्ला केला. सीफायर म्हणजे जहाजासाठी बदल केलेले स्पिटफायर. त्याचे मूळ आरेखन सपाट, स्थिर जमिनीवर उतरण्यासाठी होते. हेलकावणाऱ्या डेकवर रोज आदळून उतरल्यावर विमानाच्या पाठीवरचा पत्रा सुरकुतत असे, आणि सुरकुत्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या की विमान उड्डाणास अपात्र ठरे. काही आठवड्यांतच उडण्याजोगी विमाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली.

विमानाचा आकार मित्रदेशीयांना ओळखीचा नव्हता, हेही एक संकट होते. जुलैअखेरीस एका अमेरिकी बी-२९ च्या तोफचीने सीफायरला शत्रूचे विमान समजून पाडले. सुदैवाने वैमानिक वाचला. २९ ऑगस्टचा अपघात मात्र जीवघेणा होता. एक फायरफ्लाय विमान थांबवणारा शेपटीखालचा आकडा (हुक) न टाकता डेकवर उतरले आणि अडथळ्याच्या जाळीवर आदळले. पंख्याच्या पात्याचा तुटलेला तुकडा उडून संचालन कक्षाच्या खिडकीतून आत घुसला, आणि तिथे असलेले ८०० चे प्रमुख लेफ्टनंट कमांडर इयन मॅकलॅक्लन यांना लागला. ते वाचले नाहीत. शत्रूच्या प्रदेशावर अनेक फेऱ्या करून परतलेला हा अधिकारी स्वतःच्याच जहाजावर, उड्डाणावर नसताना गेला. विमानवाहू नौकेचा डेक किती धोकादायक जागा असते, हे त्या एका घटनेवरून कळते.

ब्रिटिश नौदलात सीफायरने लढलेले हे शेवटचे युद्ध होते.

ब्रिटिश नौदलाची पहिली आघाडीची जेट तुकडी हीच का?

होय. ऑगस्ट १९५१ मध्ये फोर्ड तळावर अटॅकर विमाने घेऊन ८०० पुन्हा उभी राहिली. अटॅकर हे जेट असूनही त्याला शेपटीकडे चाक होते, म्हणजे नवे इंजिन जुन्या बैठकीवर बसवलेले होते. १९५४ पासून सी हॉक आली. १९५६ च्या सुएझ संघर्षात ती ‘अॅल्बियन’वरून लढली. त्यानंतर सिमिटार आणि १९६४ पासून बुकॅनियर असा क्रम होता.

तेलवाहू जहाजावर बॉम्ब टाकण्याचा प्रसंग कोणता?

१८ मार्च १९६७ रोजी ‘टॉरी कॅन्यन’ हे सुमारे १,२०,००० टन कच्चे तेल घेऊन जाणारे जहाज कॉर्नवॉल आणि सिली बेटांच्या दरम्यान खडकावर चढले. गळणारे तेल जाळून टाकण्यासाठी २८ मार्चला ८०० आणि ७३६ च्या बुकॅनियर विमानांनी त्यावर हजार-हजार पौंडांचे बॉम्ब टाकले. ज्या तुकडीने शत्रूची क्रूझर बुडवली होती, तिला स्वतःच्याच किनाऱ्यापाशी हे काम करावे लागले. १९७२ मध्ये तुकडीची ‘ईगल’ नौका निवृत्त झाली आणि तुकडी बरखास्त झाली.

फॉकलंडच्या युद्धात ८०० स्क्वॉड्रनचे स्थान काय होते?

३१ मार्च १९८० रोजी योव्हिल्टन तळावर सी हॅरियर घेऊन तुकडी परत आली. दोन वर्षांनी, २ एप्रिल १९८२ रोजी, अर्जेंटिनाने दक्षिण अटलांटिकमधील फॉकलंड बेटे ताब्यात घेतली. ५ एप्रिलला पोर्ट्समथहून ‘हर्मिस’ निघाली. तिच्यावर रिअर अॅडमिरल सँडी वुडवर्ड यांच्या मोहिमेची बारा सी हॅरियर विमाने होती. तुकडीचे प्रमुख लेफ्टनंट कमांडर अँडी ऑल्ड होते. ‘इन्व्हिन्सिबल’वर ८०१ स्क्वॉड्रनची आठ विमाने होती. म्हणजे सुमारे १३,००० किलोमीटर दूरच्या युद्धात सगळ्या ताफ्याचे हवाई संरक्षण सुरुवातीला अवघ्या वीस विमानांवर अवलंबून होते.

दक्षिणेकडे जाताना ‘हर्मिस’च्या हँगरमध्ये माणसांनी हातात रंगाचे ब्रश घेतले. शांततेच्या काळातला पांढरा पोट-रंग आणि ठळक बोधचिन्हे दुरून उठून दिसत, म्हणून प्रत्येक विमान गडद करड्या रंगाने हाताने रंगवले गेले. जुन्या छायाचित्रांत ‘हर्मिस’च्या विमानांचा करडा रंग ‘इन्व्हिन्सिबल’च्या विमानांपेक्षा वेगळा भासतो, त्याचे कारण हेच आहे.

१ मे रोजी ‘हर्मिस’वरून बारा विमाने निघाली. त्यांतली नऊ स्टॅनली विमानतळावर गेली आणि तीन गूस ग्रीनच्या धावपट्टीवर. सर्व परतली. एकाच्या शेपटीला गोळीने भोक पडले होते. विमाने किती गेली हे सांगायची परवानगी नसल्याने, जहाजावर असलेले बीबीसीचे वार्ताहर ब्रायन हॅनरहन यांनी आपण सगळी जाताना मोजली आणि सगळी येतानाही मोजली, एवढेच सांगितले, आणि ते वाक्य ब्रिटनच्या स्मरणात राहिले. तीनच दिवसांनी, ४ मे रोजी, गूस ग्रीनवर लेफ्टनंट निक टेलर यांचे विमान जमिनीवरील माऱ्यात पडले आणि ते मारले गेले. युद्धात पडलेले ते पहिले सी हॅरियर होते.

२४ मे रोजी ऑल्ड आणि लेफ्टनंट डेव्ह स्मिथ यांनी एकाच झुंजीत अर्जेंटिनाची तीन डॅगर विमाने पाडली. ८ जूनच्या संध्याकाळी डेव्हिड मॉर्गन आणि स्मिथ यांनी मावळत्या उजेडात अर्जेंटिनाचीच तीन स्कायहॉक विमाने पाडली. मॉर्गन हे मूळचे हवाई दलाचे, पण नौदलात पाठवलेले वैमानिक होते.

हॅरियर हवेत एकदम थांबून शत्रूला पुढे जाऊ देत असे, हे खरे का?

ही समजूत फार पसरलेली आहे, परंतु फॉकलंडमधील विजयांचे ते कारण नव्हते. इंजिनाच्या चार तोंडांची दिशा वैमानिक डाव्या हाताजवळच्या एका दांड्याने फिरवतो, आणि उड्डाणात ती वळवून विमानाचा वेग झटकन कमी करता येतो. पण झुंजीत वेग गमावणे म्हणजे पुढच्या शत्रूचे आयते लक्ष्य होणे. खरी कारणे निराळी होती. सी हॅरियरकडे समोरूनही माग धरू शकणारे नव्या पिढीचे साइडवाइंडर क्षेपणास्त्र होते, आणि अर्जेंटिनाची विमाने मुख्य भूमीवरून येत असल्याने झुंज घ्यायला त्यांच्याकडे इंधनच उरत नसे. त्याला वैमानिकांच्या कसून केलेल्या सरावाची जोड होती.

इंजिनाच्या तोंडांचा खरा उपयोग डेकवर होता. ‘हर्मिस’च्या पुढच्या टोकाला १२ अंशांचा उतार वर चढवलेला होता. विमान छोटी धाव घेऊन त्या उतारावरून हवेत फेकले जाई, त्यामुळे जास्त इंधन आणि शस्त्रे नेता येत. परतल्यावर ते जहाजाच्या कडेला हवेत तरंगे आणि मग डेकवर हळूच उतरे. दाट धुक्यात आणि दक्षिण अटलांटिकच्या लाटांत साध्या विमानाला उतरणे जड गेले असते, तिथे सी हॅरियर उतरली.

हवाई झुंजीत किती सी हॅरियर गमावली?

एकही नाही. सगळी मिळून सहा विमाने गेली. त्यांतली दोन जमिनीवरील माऱ्यात आणि चार अपघातांत. या आकड्याचा अभिमान बाळगताना त्या अपघातांमध्ये गेलेल्या वैमानिकांना विसरणे अन्याय होईल.

भारतीय नौदलाशी या तुकडीचा नेमका संबंध काय?

संबंध तुकडीचा थेट नाही. तिच्या जहाजाचा आणि विमानांच्या जातीचा आहे. १९८६ मध्ये भारताने ‘हर्मिस’ विकत घेतली आणि १२ मे १९८७ रोजी ती ‘विराट’ म्हणून भारतीय नौदलात दाखल झाली. ज्या डेकवरून ऑल्ड आणि टेलर उडाले, त्याच डेकवरून पुढची जवळजवळ तीन दशके भारतीय वैमानिक उडाले.

भारतीय नौदलाची ३०० स्क्वॉड्रन, म्हणजे ‘व्हाइट टायगर्स’, १९६० मध्ये ब्रिटनमधील ब्रॉडी तळावर सी हॉक घेऊन उभी राहिली. ८०० ने नुकतीच मागे ठेवलेली हीच जात होती. १९७१ मध्ये ‘विक्रांत’वरून चितगाव आणि कॉक्स बझारवर हल्ले करणारी विमाने तीच. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली सी हॅरियर गोव्यात दाबोळीला उतरली. आपल्या वैमानिकांनी या विमानाचे शिक्षण योव्हिल्टन येथे, म्हणजे ८०० च्याच घरी, घेतले होते. भारतीय सी हॅरियरवर मात्र साइडवाइंडरऐवजी फ्रेंच मॅजिक क्षेपणास्त्रे होती.

ब्रिटनची ८०० स्क्वॉड्रन मार्च २००४ मध्ये सी हॅरियरपासून वेगळी झाली. वास्को आणि चिखलीच्या लोकांनी मात्र तोच गडगडाट ११ मे २०१६ पर्यंत ऐकला. त्या दिवशी दाबोळीच्या ‘हंसा’ तळावर शेवटच्या सी हॅरियर विमानांना निरोप देण्यात आला.

‘विराट’चे पुढे काय झाले?

६ मार्च २०१७ रोजी मुंबईत ती सेवामुक्त झाली. सिंधुदुर्गात निवतीच्या समुद्रात तिचे संग्रहालय करण्याच्या प्रस्तावाला महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये मान्यता दिली होती, पण ते प्रत्यक्षात आले नाही. सप्टेंबर २०२० मध्ये ओढनौकेच्या मागे ती मुंबईहून अलंगला निघाली आणि तिथे तोडली गेली. दोन देशांच्या नौदलांचा असा साक्षीदार आपल्या किनाऱ्यावर असताना तो जपता आला नाही, ही आमच्या मते खरोखर मोठी हानी आहे. निवतीचे संग्रहालय झाले असते तर या पानावरील निम्मे प्रश्न वाचकांना त्या डेकवर उभे राहूनच विचारता आले असते.

तुकडी आज कार्यरत आहे का?

नाही. २००६ मध्ये ती जमिनीवरील तळांसाठीची हॅरियर घेऊन कॉट्समोर तळावर पुन्हा उभी राहिली आणि त्याच वर्षी अफगाणिस्तानात कंदाहारला गेली. २०१० मध्ये खर्चकपातीत ब्रिटनने सगळी हॅरियर विमाने एकदम निवृत्त केली आणि २०११ च्या आरंभी तुकडी बरखास्त झाली. बहात्तर विमाने सुट्या भागांसाठी अमेरिकेच्या मरीन दलाला विकली गेली. नौदलाची आताची एफ-३५ विमाने ८०९ या क्रमांकाखाली उडतात.

या इतिहासाचे अवशेष कुठे पाहता येतात?

गोव्यात बोगमाळ्याच्या नौदल हवाई संग्रहालयात सी हॉक आणि सी हॅरियर दोन्ही पाहता येतात. योव्हिल्टनच्या फ्लीट एअर आर्म संग्रहालयात पार्ट्रिज आणि बॉस्टॉक यांची ती स्क्युआ आहे. बर्फ वितळल्यावर ती ग्रोटलीजवळच्या तलावात बुडाली आणि १९७४ मध्ये वर काढली गेली. तिला नवा रंग दिलेला नाही, मोडलेला सांगाडाही जोडलेला नाही. ती पाण्यातून जशी निघाली तशीच ठेवलेली आहे.